कुठली पाकळी आधी पडली

आगरवाडा, रविवार, १७ मे १९८७

पल्लवे, हे तुझ्या हातात येईल तेव्हा यातलं अर्धं तू विसरलेली असशील आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने रचून सांगत फिरशील. तुझी आठवण मला ठाऊक आहे. छत्री तू फेरीबोटीत विसरतेस, डबा शाळेत विसरतेस, आणि गेल्या चवथीला गणपतीच्या दुर्वा खुडायला गेलीस ती दिवेलागणीला गुडघे फोडून आलीस, हातात एक दुर्वा नाही. म्हणून तुझ्या कॉलेजचं जे काय होईल ते मी लिहून ठेवणार आहे. लिहिणार म्हणजे मी बोलणार आणि तुझी आई लिहिणार. मला अक्षर येत नाही, तेवढं तरी तू विसरली नसशील.

मंजुळा लिहिते चांगलं, पण माझं बोलणं कागदावर उतरवताना त्याला आधी शाळेत घालते. मी 'खंय' म्हटलं की ती 'कुठे' लिहिते. यंदा भाषेवरून गोव्यात रस्त्यावर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. आमच्या ओटीवर ते भांडण रोज पेनाच्या टोकाशी होतं आणि रोज सूनच जिंकते, कारण पेन तिच्या हातात आहे. जे शब्द मला जसेच्या तसे पाहिजेत तिथे मी तिचं मनगट धरते.

तर तू बारावी पास झालीस. सायन्सला, आणि असे मार्क की शेजारच्यांनी दोनदा विचारून घेतले. संध्याकाळी तुझे खेळाचे मास्तर अनंत सर पेढे घेऊन आले आणि पेढ्यांच्या मागून त्यांनी बेळगाव काढलं. तिथल्या एका कॉलेजला खो-खोसाठी मुली हव्यात. राहणं, जेवण, फी सगळं त्यांचं. मुलीने फक्त धावायचं. मास्तर सरळ माणूस, दुसरी बाजूही सांगून गेले. तिथे सकाळ-संध्याकाळ सराव असतो, सायन्सच्या मुलींना प्रॅक्टिकल सोडून मैदानावर यावं लागतं, म्हणून संघातल्या मुली आर्ट्सच घेतात.

आणि दुसरं कॉलेज डिचोलीला. तिथे सायन्स चांगलं. मैदान म्हणजे झेंडावंदनाला उभं राहण्यापुरती जागा. पण ते कॉलेज तुझ्या दुसऱ्या आजीच्या, मालतीबायच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. ती तुझी राहायची जागा.

मंजुळे, आता तुझ्या आईबद्दल येतंय म्हणून पेन जड करू नकोस.

माझा मुलगा जयराम डिचोलीला खाणीवर टिपर चालवतो. सोमवारपासून शनिवारपर्यंत जेवतो कुणाकडे? सासूकडे. माझ्याकडे तो रविवारी येतो, आणि माझ्या हातची आमटी जेवताना सांगतो की तिकडे कढी काय सुरेख होते. मुलगा तिने घेतला, ठीक आहे, पोटासाठी घेतला. आता नातही तिलाच?

सगळे म्हणतात पल्लवीचं डोकं डिचोलीच्या आजीचं. मालतीबाय पोर्तुगिजांच्या वेळी शाळेत गेलेली, पेपर वाचते, चष्म्याला दोरी लावते. डोकं तिचं असेल. पाय कुणाचे ते कोणी विचारत नाही. मी लग्नाआधीपासून ह्या आगरातलं मीठ डोक्यावरून वाहिलं. आगराचे बांध वीतभर रुंद, दोन्हीकडे खारं पाणी, डोक्यावर भरलेली पाटी. समोरून दुसरी बाई आली की अंग चोरायचं, पाऊल तिरकं टाकायचं आणि निघून जायचं. मिठाचा एक खडा सांडता कामा नये. तू खांबाला वळसा घालून पोरींच्या हातून निसटतेस ना, ते वळण शाळेने नाही शिकवलं.

खेळ म्हणजे काय ते मला कळत नाही. पण तू बेळगावलाच जाणार.

बुधवार, २० मे

पावसाळ्याचं पुरुमेंत, चार महिन्यांची बेगमी, भरायला डिचोलीच्या बाजाराला गेले. मिरची, कोकम, सुकी मासळी म्हापशालाही मिळते आणि म्हापसा जवळ पडतं. पण मला बघायचं होतं की विहीण काय काय तयारी करते.

मिरच्यांच्या राशीपाशी ती समोरून आली. मी हात वर केला. तिची नजर माझ्या तोंडावरून अशी फिरली जशी मी बाजारातला खांब. मिरच्यांकडे वळली, मूठभर घेऊन नाकाशी धरल्या आणि चालू पडली. नातीला घरी नेण्याआधीच हा ताठा.

तरी मी तिच्या घरी गेले. दारात हाक मारल्यावर मात्र 'ताराबाय गो, कधी आयलंय?' असं म्हणाली की बघणाऱ्याला वाटावं बाजारात आम्ही भेटलोच नाही. दशावतारात असती तर पैसे कमावले असते.

खाटेवर पेपर पडलेला, घडी न मोडलेला. संध्याकाळी जयराम आला तेव्हा तिने त्याच्याकडून तो मोठ्याने वाचून घेतला. गोव्याचं वेगळं राज्य होणार, दिल्लीत ठरलं, असं काहीबाही. म्हणाली, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, पल्लवी येते तेव्हा तीच वाचते. म्हणजे बघ. स्वतःला वाचता येत असून दुसऱ्याला वाचायला लावायचं. घरात पंखा असून वारा घालायला माणूस ठेवण्यातली गत. मला वाचता आलं असतं तर मी कुणाला पेपरला हात लावू दिला नसता.

चहा तिने स्वतः ओतला. कपात थोडा, बशीत जास्त. पाहुणी कोण आहे त्यावर ओतणं ठरत असेल.

मंजुळा इथे लिहायची थांबली. 'बशीत?' म्हणाली. मी म्हटलं बशीतच. तिने आणखी काहीतरी विचारलं, थकली होती का, रोडावली आहे का. आईची कड घ्यायची तर उघड घे म्हटलं. पुन्हा लिहू लागली.

रविवार, २४ मे

आज जयराम आला तो सासूला घेऊनच. घरात कोर्ट भरलं. अनंत सरही आले.

जयरामचं म्हणणं, खाणीच्या लॅबमध्ये एक मुलगी पांढरा कोट घालून माती तपासते, पंख्याखाली बसते, महिन्याच्या महिन्याला पगार घेते. सायन्स शिकली म्हणून. गुडघा गेला की खेळ गेला, आणि शिक्षण काही गुडघ्यात नसतं. मी म्हटलं, पंख्याखाली बसून बायकांच्या कमरा जातात.

अनंत सरांना विचारलं तर ते कुणाच्याच बाजूचे निघाले नाहीत. म्हणाले, आजी, मला नोकरी मिळाली ती पदवी होती म्हणून, मेडलं कुणी बघितली नाहीत. पण पदवी मिळेपर्यंत टिकलो तो खेळामुळे, नाहीतर पहिल्याच वर्षी गावी परत आलो असतो. आता एवढ्या चांगल्या वाक्याचा मला काय उपयोग? माणसाने एक काय ते सांगावं.

तुला विचारलं. तू दाराच्या चौकटीला पाय लावून उभी होतीस. 'माका दोनय जाय,' म्हणालीस. दोन्ही पाहिजेत! लहानपणी जत्रेत खाजंही पाहिजे आणि लाडूही, तशी. जयराम म्हणाला, दोन्ही मिळत नाहीत बाय, म्हणून तर बसलोय.

आणि मालतीबाय? एक शब्द नाही. तिच्या घरी राहणार म्हणून सगळे बोलतात, पण तिने स्वतः एकदाही 'पाठवा तिला' म्हटलं नाही. हुशार माणसं अशीच करतात, मागायचं नाही, समोरच्याकडून द्यायला लावायचं. येताना उंबऱ्याला अडखळली तेव्हाही पल्लवीचाच हात धरला. एवढी माणसं उभी होती.

जेवताना तिला तोरां वाढावी लागली. आमच्या आगराच्या मिठात चेपून ठेवलेल्या कैऱ्या, मंजुळेच्या लग्नापासून तिचा त्यांच्यावर डोळा आहे. दरवेळी म्हणते, ताराबाय, असली तोरां माझ्या हातून होत नाहीत. दरवेळी मी एकच वाढते. आजही एकच. मासळीचे काटे बोटांनी चाचपून चाचपून काढत बसली होती, मोठ्या घरच्या नखऱ्यासारखी, तोवर आमचे हात सुकले.

शेवटी जयरामने तोड काढली. त्याच्या मालकाने नवा ट्रक घेतलाय; पावसात खाण बंद, तेव्हा सिमेंट आणि खत वाहायला. पुढच्या रविवारी डिचोलीच्या देवीसमोर ट्रकची पूजा आहे आणि जयरामच तो चालवणार. गुरव असेलच, तेव्हाच देवीला पाकळ्या लावू. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि जी आधी पडेल तो देवीचा कौल. उजवी पडली तर बेळगाव, डावी पडली तर डिचोली. मग कुणी कुणावर रुसायचं नाही.

सगळ्यांनी मान डोलावली. मीही. देवी मात्र डिचोलीची, हे माझ्या ध्यानात ते गेल्यावर आलं.

मंगळवार, २६ मे

आज सांगण्यासारखं काही नाही. तू कॅनव्हासचे बूट धुतलेस, वर खडू फासलास आणि ओटीवर वाळत ठेवलेस. शाळेला सुटी, खेळ बंद. बूट कशाला धुवायचे ते मला समजलं नाही. डिचोलीला न्यायला असतील. मी रागाने ते सावलीत सरकवले.

रविवार, ३१ मे

उजवी पडली. पल्लवी बेळगावला जाणार.

काल राज्य झालं म्हणून डिचोलीत फटाके, आज माझं राज्य झालं. मंजुळेला आज देवळात यायचं नव्हतं, बायकांना कारण कळेल, म्हणून ती घरीच होती. ती आता विचारते की आई काय म्हणाली. बरं झालं म्हणाली. बस. आज एवढंच. माझं डोकं दुखतंय.

मंगळवार, २ जून

मंजुळे, दार लोटून घे आणि लिही. मधे थांबायचं नाही. जे तुला ऐकायचं नाही तेही लिहायचं.

परवा देवळात आत मी आणि मालतीबाय अशा दोघीच बसलो होतो. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. जयराम, मालक, पल्लवी, सगळे बाहेर ट्रकपाशी. ट्रकला हार घातलेला, पल्लवीला त्यांनी वर ड्रायव्हरच्या बाजूला बसवलेली. पाकळ्या काही हलेनात. कधीकधी देवीला वेळ लागतो. बाहेरून हॉर्न वाजला, मालकाला घाई. गुरव म्हणाला, तुम्ही लक्ष ठेवा, मी चाकापाशी नारळ फोडून येतो. गेला.

मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. आणि डाव्या पाकळीची कड सुटली. थोडी लोंबली. पडली.

माझ्या तोंडून 'आगे' निघालं.  मी आधी देवीकडे बघितलंच नाही, विहिणीकडे बघितलं. जिंकल्याचं हसू मला बघायचं होतं, पुढे आयुष्यभर आठवून रागवायला. पण ती हात जोडून देवीकडे बघत होती, तशीच, वाट बघत असल्यासारखी. मग माझ्याकडे कान करून म्हणाली, 'पडली काय गो? खंयची?'

मला वाटलं चेष्टा करते. पाकळी देवीच्या पायाशी पडलेली, लाल भडक, समईच्या उजेडात. तिच्यापासून हातावर. मी तिच्या डोळ्यांसमोर माझा हात नेला. तिने डोळे हलवले नाहीत.

मग मिरच्या आठवल्या. ती मिरच्या डोळ्यांनी नव्हे, नाकाने निवडत होती. पेपर, बशीतला चहा, उंबरा, काटे. मी गेले पंधरा दिवस तिच्या ताठ्याच्या गोष्टी ह्या वहीत लिहून घेतल्या आणि त्या सगळ्या एकच गोष्ट होत्या.

हे कळलं तेव्हा मी काय करायला हवं होतं? चांगल्या बाईने तिचा हात धरला असता आणि खरं सांगितलं असतं. मी म्हटलं, 'उजवी.'

म्हणून टाकलं, लिही. त्यात विचार नव्हता. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेला शब्द सुटला. तेवढ्यात बाहेर नारळ फुटला, कुणीतरी राज्याचे उरलेले फटाके लावले, आणि उजवी पाकळीही सुटून पडली. गुरव आत आला तर दोन्ही खाली. आधी कुठली, त्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मालतीबायच म्हणाली, 'उजवी. ताराबायन बघितली.' माझ्या खोट्याची साक्ष तिने दिली. गुरवाने दोघींना तीर्थ दिलं. मी माझं न पिताच केसांना पुसलं.

बाहेर पायरीवर तिने माझा दंड धरला, पायरी कुठे संपते ते कळावं म्हणून. आणि हळूच म्हणाली, 'बरां झालां. मी उजवीच मागी होतंय.'

मंजुळे, हे तिचे शब्द आहेत, जसेच्या तसे घाल: 'चेडू हांगा रवला तर माझो हात धरून बसात. शिकाप ना, खेळाप ना. जावंदे तिका. मंजुळेक सांगू नको.' डॉक्टर म्हणाले म्हणे, गेलेली नजर येणार नाही, राहिलेली राखायला थेंब घालायचे. जयरामलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पल्लवीने आपण होऊन डिचोली म्हटलं असतं.

पल्लवे, तू विसरणार म्हणून नीट सांगते. मी लबाडी करून जे ओढून घेतलं, तेच ती देवीकडे हात जोडून मागत होती. म्हणजे खोटं मी बोलले आणि मोठेपण पुन्हा तिच्याकडे गेलं. जयराम तिचा, डोकं तिचं, पेपर तिचा, आणि आता हेही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी राग आला, देवळाच्या पायरीवर, ती माझा दंड धरून उभी असताना.

मंजुळा हे लिहिताना एकदाच उठली. न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. 'पुढे सांगा, मांय,' म्हणाली. वरच्या ओळीवर जो डाग पडलाय तो शाईचा आहे, असं तीच सांगते.

रविवार, ७ जून

जेवण जात नाही. देवीने डावी दिली होती. देवीने डिचोली सांगितलं आणि मी तिच्या तोंडात बेळगाव घातलं. आमच्याकडे कौल मोडून कुणाचं बरं झालेलं मी ऐकलं नाही. खरं सांगावं तर तू राहशील, डोळ्यांचं कळलं की अभ्यास आणि बूट दोन्ही बाजूला ठेवशील, आणि मालतीबायने जे टाळायला तोंड शिवून घेतलं तेच होईल. न सांगावं तर देवी आहे.

तू तर उजवी म्हटल्यावर ट्रकमधून अशी उडी मारलीस की मालक ओरडला. ते बूट डिचोलीसाठी धुतलेले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

काल मंजुळा निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, 'मांय, थंय कोणतरी जाऊक होया. माका घर सोडून जमना. गाय आसा.'   खडे तेच तेच निवडत होती.

दुपारी आडवी झाले तेव्हा मला मार्ग सुचला. माझा मला सुचला, मंजुळेने सुचवलेला नाही. देवीने डिचोलीत माणूस ठेवायला सांगितलं. मग माणूस ठेवते. पल्लवीच्या जागी मी जाते. खाट तिथे तयारच आहे, कौलही राहतो आणि पल्लवीही जाते.

मी देवीच्या धाकाने जाते, मालतीबायसाठी नाही. हे नीट लिही. खाली रेघ ओढ.

मंजुळेने रेघ ओढली. ओढताना हसत होती असं मला वाटलं.

रविवार, २१ जून

तू आज बेळगावच्या बसमध्ये बसलीस. अनंत सर सोडायला गेले. ट्रंक वर चढवली, पिशवी मांडीवर, बूट गळ्यात. छत्री इथे खुंटीला आहे.

निघताना तू माझ्या कानाशी वाकलीस. मला वाटलं रडणार. म्हणालीस, 'आजये, हांवें सायन्सच घेतलां. कोणाक सांगू नको.' प्रॅक्टिकल संपवून मैदानावर पळत जाणार, उशीर झाला तर तिथल्या खेळाच्या बाई राखीव बसवतील, बसवू देत, म्हणालीस. म्हणजे तुला दोन्ही पाहिजे होतं, ते तू घेतलंसच. ह्या घरातल्या बायका गोष्टी कुणाला सांगू नको म्हणून सांगतात आणि सगळ्या मलाच सांगतात.

त्या बेळगावच्या बाईबद्दल मी अनंत सरांना विचारून घेतलं. पहाटे ती सगळ्या मुलींना उठवते आणि मुली उठतात. मी तुला शाळेच्या वेळेला उठवताना पाणी मारायची. त्या बाईचा आवाज कसला असेल? मला ती आवडलेली नाही.

डिचोली, रविवार, २० सप्टेंबर

मंजुळा चवथीनंतर माहेरी आलीय, म्हणून आज वही उघडली. तीन महिने माझं बोलणं लिहून घ्यायला कुणी नव्हतं. सगळं मालतीबायला ऐकावं लागलं.

मी इथे आले तेव्हा जयरामला सांगितलं की माझे पाय दुखतात आणि इथला डॉक्टर बरा आहे. त्याने विश्वास ठेवला, मुलगेच ते. डोळ्यांचं त्याला महिन्याभराने कळलं, मंजुळेनेच सांगितलं. तेव्हापासून तो सासूसाठी पायऱ्यांवर पांढरा चुना ओढतो. माझे पाय दुखतात तर माझ्यासाठी काही ओढत नाही.

स्वयंपाक मी करते. ती शेजारी बसून कढीला कधी हलवायचं ते वासावरून सांगते. जयराम जेवतो आणि म्हणतो, कढी काय सुरेख झाली, मावशीच्या हातची! मावशी म्हणजे सासू. पळी माझ्या हातात असते.

पेपर रोज येतो. ती म्हणते, ताराबाय, खेळाचं पान काढ. मला अक्षर येत नाही, तिला दिसत नाही. मी आकार सांगते आणि ती नाव सांगते. सुपासारखं आहे आणि उजवीकडे काठी. अर्धं चाक आणि वर झेंडा. एकेका ओळीला सकाळ जाते. दोघी मिळून एक शहाणी बाई होते, तीही हळू चालणारी. गेल्या शनिवारी बेळगावच्या सामन्यांची बातमी सापडली. नावांची रांग होती, अगदी शेवटी एक. मी आकार सांगत गेले, आणि तिने मधेच माझं मनगट धरलं. मग म्हणाली, 'पल्लवी.' पुढे एक शब्द होता. राखीव.

म्हणजे प्रॅक्टिकलला गेली होती. मला इतका आनंद झाला की लपवायला मी पेपर तोंडावर धरला. आणि मग आठवलं, हिच्यासमोर लपवायची गरज नाही. पण तिला कळलंच. म्हणाली, हसतंस कित्याक?

ते 'प' मला आता दिसल्यावर ओळखता येतं. एकच अक्षर. लगेच वही माझ्या हातात देऊ नका.

आणि परवाची गोष्ट. आम्ही पेज जेवत होतो. ती म्हणाली, तू किती दिवस राहणार? मी म्हटलं, पल्लवीचं शिक्षण होईपर्यंत. ती थोडा वेळ बोटांनी ताटाची कड चाचपत राहिली. मग हसायला लागली, असं हसली की ठसका लागला.

'तर डावी पडलेली,' म्हणाली.

मी विचारलं, कसली डावी.

'तुझ्यासारखी बाय माझ्या घरात फुकट येवची ना, ताराबाय. देवीन धाडली तरच.'

 मी तिच्या ताटापुढे मीठ सरकवलं. तिने ते बरोबर, न चाचपता घेतलं. कधीपासून कळलं होतं, ते मी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी कळलं असेल तर मला ते ऐकायचं नाही.

पल्लवे, तुझ्या कौलापायी मी डिचोलीत अशी बसले आहे. पदवी घेऊन ये, मग ही वही तुला मिळेल. तोवर मी काही विसरणार नाही, तू खुशाल विसर.

मंजुळे, आता तिला पुरे. तू ऐक, हेही लिहून घे, कारण विसरण्यात तू तुझ्या लेकीची आई आहेस. उद्या आगरवाड्याला पोचलीस की सामान काढून ठेव; जयराम रविवारी आला की त्याच्याकडे उकडे तांदूळ दे, पुरुमेंताच्या सुक्या मासळीतली सुंगटं दे, आणि आपल्या आगराचं मीठ दे. इथल्या दुकानातल्या मिठाला खारटपणाच नाही. बेळगावला मुगाचे लाडू पाठव, तोरां नको, ती बरणी बसमध्ये विसरेल. तोरांची बरणी इकडे धाड. लहान नाही, मोठी, माळ्यावरची. फिरकीचं झाकण नको, लाकडाचं बसव, तिला बोटांनी चाचपून उघडता आलं पाहिजे. आणि आत किती आहेत ते मोजून ठेव, म्हणजे तिने एकटीने खाल्ली तर मला भांडता येईल.